शून्याच्या पुढे

परवानगी आहे.
मानकात एकाच ओळीत लिहिलंय:
मेनच्या दारात बाहेरून जे शब्द येतात
ते आत आल्यावर बदलता येतात.
फक्त जागा वाढवून मिळत नाही.
जेवढ्या बाइटचा शब्द, तेवढंच त्याचं अंगण.
एक अक्षर जास्त झालं
की शेजारच्या शब्दाच्या चुलीत पाय.

हे मी फळ्यावर लिहीत होतो
दर्यापूरच्या कॉलेजात, तिसऱ्या तासाला.
इथलं पाणी खारं.
फळा पुसायचं फडकं वाळलं
की त्यावर मिठाची रेघ उमटते.

मागच्या बाकावरून सम्यक खंडारे म्हणाला,
"सर, मंग ज्यानं पाठवलं
त्याले समजत नाई काय?"
तेवढ्यात घंटा झाली.

पाच वाजता उषाबाई तायडे लॅब झाडायला आल्या.
"काय करून राह्यले सर, अजून?"
म्हटलं, नाव बदलतोय.
बाहेरून एक द्यायचं,
आत दुसरं लिहायचं त्याच जागेवर.

झाडू भिंतीला टेकला.
"माह्यंबी असंच झालं न.
मोठ्या जावेचं नाव अन्नपूर्णा,
माह्यंबी अन्नपूर्णा.
एका घरात दोघींले हाक कशी मारन कोनी?
ताटात तांदूळ पसरले,
अंगठीनं लिहिलं: उषा.
मी चौथी शिकेल होतो. वाचलं.
मंग तेच तांदूळ शिजवले
आन् सारे जेवले."

मी टाइप केलं, प्रोग्रामच्या नावापुढे
एक जागा सोडून: अन्नपूर्णा.
तीस बाइट. देवनागरीला जागा जास्त लागते,
एकेका मात्रेला तीन-तीन.
आत त्यावर लिहिलं उषा.
नऊ बाइट, आणि दहावं शून्य.
छापलं.
पडद्यावर: उषा.

"झालं," उषाबाई म्हणाल्या.
"असंच तं असते."

पण झालं नव्हतं.
छापणारा शून्याशी थांबतो,
एवढंच.
त्याला तसं शिकवलंय.
पुढची वीस घरं कुणी पाडली नव्हती.

मग मीच शून्य ओलांडलं,
एकेक बाइट, हाताने मोजत.
आधी दोन प्रश्नचिन्हं आली,
एका न चा तुटलेला दांडा.
मग एकदम,
काना, मात्रा, रफार, काहीही न हलता:

पूर्णा

उषाबाई खुर्चीला धरून वाकल्या.
ओठ हलवत वाचलं, दोनदा.
"हे तं नदी होये."
आणि मग, जरा वेळाने,
"आमच्या गावाखालूनच जाते.
मी तिच्यात म्हशी धुतल्या हायेत, सर.
इकडे येईपर्यंत निस्ता गाळ राह्यते."

मी काही बोललो नाही.
मला दुसरी रीतही माहीत होती:
अक्षरांना हात न लावता
फक्त बाण दुसरीकडे वळवायचा.
नाव आहे तिथेच राहतं, अख्खं,
पण त्याच्याकडे कुणाचं बोट नसतं.
कुठली रीत बरी,
हे मानकात लिहिलेलं नाही.

"आन् जिथून पाठवलं तुम्ही, तिथं?
तिथंबी पुसलं गेलं काय?"
सम्यकचाच प्रश्न.
या वेळी घंटा नव्हती.

प्रोग्राम संपला होता.
त्याच्यासोबत ते अंगण, ती वीस घरं, नदी,
सगळं परत घेतलं होतं यंत्राने.
उरली होती काळी पाटी आणि लुकलुकणारी रेघ.
मी वरचा बाण दाबला.
जसं दिलं होतं तसं आलं,
प्रोग्रामच्या नावापुढे एक जागा सोडून.
आत काय झालं
याची तिथे गंधवार्ता नव्हती.
आत गेली होती ती नक्कल.

उषाबाईंनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली,
बरोबर त्या ओळीवरून,
आणि झाडू उचलला.
"आता उठा सर. कुलूप लावतो.
यष्टी चुकली तं
मले पायी पाठवान तुम्ही."

मशीन बंद करायचं
तेवढं मी विसरलो.
सकाळी मुलं आली तेव्हा
रेघ तिथेच लुकलुकत होती,
एन्टरची वाट बघत.